वहीत आवारात, खरी दारात

चॅपलच्या पायी सहलीच्या सहा मैलांपैकी चार मैल संपले, तरी कालव्याकाठच्या वाटेवर ट्रेव्हर हिंडल एकदाही हसला नव्हता. चॅपलची, म्हणजे त्यांच्या छोट्या चर्चची, बाकीची मंडळी पुढे गेली होती. शेजारीण ग्लेनिस मुद्दाम त्याच्या चालीने चालत होती. चाळीस वर्षांचा शेजार. याचं काहीतरी बिनसलंय हे तिला निघताना घराच्या फाटकातच कळलं होतं.

"ब्रेंडाशी भांडलास?" तिने त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"नाही गं. डगला टॅक्स ऑफिसचं पत्र आलंय. जुन्या गाड्यांबद्दल."

डग त्याचा कामावरचा जुना जोडीदार. दोघांनी लँकशायर परगणाभर एकाच कंपनीचे गालिचे विकले. कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरली की कर बसतो. यांच्या गाड्या मात्र कागदावर सगळ्या विक्रेत्यांच्या सामायिक, रात्री कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या. म्हणून कर नाही. दर शुक्रवारी वहीत 'गाडी आवारात' लिहून सही करायची, आणि त्याच गाडीने घरी यायचं.

"अकरा वर्षं, ग्लेनिस. ब्रेंडाला इस्पितळात नेलं ते त्याच गाडीतून. तुलासुद्धा चॅपलला सोडायचो!"

"म्हणजे माझाही वाटा आहे की पापात. वर ती सीट! प्रार्थनेला बसेपर्यंत पाठ मोडायची."

तो हसला नाही. "साहेब म्हणायचे, सगळेच करतात. साहेब वारले, कंपनी बुडाली. सही तेवढी माझी उरली."

"डग काय म्हणतो?"

"म्हणतो, तोंड मिटून बस, तुरुंगातला चहा पाणचट असतो." त्याने रुमालाने मान पुसली. "दारात टपाल पडलं की ब्रेंडाच्या आधी धावतो. एखाद्या दिवशी मी नसलो, आणि माझ्या नावाचं तसलं पत्र तिनेच उघडलं तर? आपला नवरा खोटं लिहीत नाही, असं ती लोकांना सांगते गं."

ग्लेनिसने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. उपदेश ओठावर आला होता, तो गिळला.

कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाजापाशी ट्रेव्हर थांबला. रेनकोटाच्या खिशातून त्याने तिकीट लावलेलं पाकीट काढलं. कोपरे चुरगळलेले.

"टॅक्स ऑफिसला सगळं लिहिलंय. तीन आठवडे खिशात फिरतंय. ब्रेंडाला सांगितल्याशिवाय टपालपेटीत टाकवत नाही, आणि सांगायला बसलो की काहीतरी काम काढून उठतो." त्याने पाकीट परत आत ठेवलं. "आज चहाला ये. बोलेन मीच. तू फक्त दाराजवळच्या खुर्चीत बस, आणि मला उठू देऊ नकोस."