उरलेला एक डोळा

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी पाच पोरं वाढवली, सुईत दोरे ओवले आणि माझ्या भाकरीची करपलेली कड लांबूनच ओळखली. त्या डोळ्यात साधी धूळ गेली तरी घरादाराचा जीव टांगणीला लागायचा.

कोयनेचा भूकंप होऊन दोन-तीन महिने झाले होते. खळ्यावर ज्वारीला वारं देताना नेमकं त्याच डोळ्यात कुसळ गेलं. आमच्या विट्याकडच्या गावात अशा वेळी एका म्हातारीला बोलवायचे. ती पापणी उलटवून जिभेच्या शेंड्यानं डोळ्यातलं काहीही अलगद काढायची. कुसळ तिनं काढलंही आणि चहा पिऊन ती गेली. मी मात्र नाक मुरडलं. मी सातारची, सातवी पास. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचू शकणारी घरातली एकटी बाई. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला आणखी काय लागतं?

तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, ठणकू लागला. आदल्या वर्षी माहेरी माझे डोळे असेच लाल झाले होते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेले थेंब माझ्या ट्रंकेत उरलेले होते. ते मी आत्यांच्या डोळ्यात घातले. एका रात्रीत लाली उतरली, ठणकाही कमी झाला.

"आमची सून लय हुशार हाय, डागदरीनच!" आत्या शेजारणीला सांगत होत्या. मग काय, मी दिवसातून चार-चार वेळा थेंब घालत सुटले.

आठ-दहा दिवसांनी सकाळी तांदूळ निवडताना आत्यांनी खडे तसेच सोडले.

"धुकं पडलंया का गं?" त्यांनी विचारलं.

बाहेर कडकडीत ऊन होतं. मी त्यांची हनुवटी उजेडाकडे वळवली. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका होता, कडा पिसासारख्या विसकटलेल्या. त्याच दिवशी यजमान आणि मी त्यांना एस.टी.नं सांगलीला घेऊन गेलो. वाटेत मी देवाला साकडं घालत होते, पण खरी भीती डॉक्टर काय विचारतील याची होती.

डॉक्टरांनी डोळा बधिर करून ठिपका जरासा खरवडला आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. "बुरशी आहे. कुसळाबरोबर आत गेली."

"लोनच्यावर येती ती?" आत्यांनी विचारलं.

"तिच्याच जातीची. पण इतकी कशी पसरली? डोळ्यात काय घातलं होतं?"

मी मांडीवरची पिशवी आवळून धरली. यजमान माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "पोळ्यातला मद घातला हुता जी. मीच, माज्या हातानं."

मला सुटल्यासारखं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. डॉक्टर मान हलवून कागदावर लिहायला लागले, आणि मी भानावर आले. माझी लाज राखायला या बाई आपला उरलेला डोळा पणाला लावत होत्या. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी नाव वाचलं. "यानं लाली जाते, म्हणून बरं वाटतं. आतल्या बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. आधी हे बंद करा."

यजमान माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

नवं औषध मुंबईहून मागवावं लागलं. दवाखान्याजवळ एक खोली घेऊन आम्ही दोघी दीड महिना राहिलो. दर तासाला थेंब घालायचे. कधी थेंब गालावर पडायचा. आत्या डोळा पुन्हा उघडा धरायच्या.

एकदा मला राहवलं नाही. "आत्या, खोटं का बोललात? डोळा तुमचा जात होता."

"माजं प्वार जलमभर तुला टोचून बोललं आसतं," त्या म्हणाल्या. "आनि मी आंधळी झाले तर तुज्याच हातात हाय न्हवं? मग तुला मोडून माजं कसं चालंल?"

माया किती आणि हिशोब किती, मला कधीच कळलं नाही. दोन्ही असावं.

बुरशी गेली, पण बुबुळावर फूल पडलं, पांढरा डाग कायमचा राहिला. आत्यांना ऊन-सावली कळायची, समोर कुणी उभं आहे एवढं दिसायचं. चेहरा दिसायचा नाही. डॉक्टरांच्या मते तेही थोडं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली आणि मान वर करून मला विचारलं, "कुनासारकी हाय गं?"