अक्कासाठी दाराचा दिवा

माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. वडील म्हणत, म्हणून आम्हीही. बंगळुरात आमच्या घराण्याच्या इतक्या पिढ्या झाल्या होत्या की आमच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते आम्हालाच कळायचं नाही. अक्का मला पुट्टी म्हणायची, म्हणजे छोटी. मी कॉलेजात जायला लागले तरी तिच्या लेखी पुट्टीच होते.

ऐन तारुण्यात तिला टायफॉइड झाला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. नवरा त्याआधीच वारला होता. तेव्हापासून ती चामराजपेठेत आमच्याकडेच असायची. समोरच्याच्या ओठांकडे बघून तिला बोलणं समजायचं. ती स्वतः मात्र फार हळू बोलायची. आपला आवाज किती मोठा येतो याचा तिला अंदाज नव्हता, आणि लोकांना त्रास नको म्हणून ती तो दाबूनच ठेवायची.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी एका सकाळी आई आणि मी बाजारात गेलो होतो. घरी एकटी अक्का. नेमका त्याच वेळी माझा मामा बेळगावहून न कळवता आला. त्याने कडी वाजवली, हाका मारल्या, शेजारच्यांनी खिडकीवर थापा मारून पाहिल्या. अक्का मागच्या स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत बसलेली. आम्ही परत आलो तेव्हा मामा ट्रंकेवर डोकं टेकून पायरीवर झोपला होता आणि ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं. तो हसून मोकळा झाला. अक्का त्याला वाढताना एकदाही वर बघत नव्हती, आणि तो गेल्यावर तिने आईला सांगितलं, "वहिनी, मला एकटीला घरी ठेवत जाऊ नका."

आईने ते शब्दशः पाळलं. दुपारची हळदीकुंकवं, देवळातलं भजन, मैत्रिणीकडे जाणं, सगळं सोडलं. वडील आणि मी दिवसभर बाहेर. कुणी विचारलं तर घरात फार काम असतं म्हणायची. खरं कारण अक्काला माहीत होतं आणि ते तिला लागत होतं, पण दोघींपैकी कुणीच त्यावर बोलत नसे.

पुढे मी प्री-युनिव्हर्सिटीला सायन्स घेतलं. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती, तरी आमच्या नात्यात सायन्स घेणारी मी पहिलीच मुलगी. विजेचा धडा सुरू झाला आणि बाईंनी टेबलावर सेल, वायर, कळ आणि टॉर्चचा बल्ब मांडला. कळ दाबली की बल्ब लागायचा, सोडली की विझायचा. विजेला सेलपासून निघून परत सेलपर्यंत यायला अखंड वाट लागते, मध्ये कुठेही तुटलं की सगळंच थांबतं, असं बाई सांगत होत्या. मुली आकृती उतरवून घेत होत्या. मला तो बल्ब आमच्या चुलीसमोरच्या भिंतीवर दिसत होता आणि कळ बाहेर दाराच्या चौकटीवर.

घरात विजेचे दिवे होते, पण घरच्या वायरिंगला हात लावायची वडिलांची सक्त मनाई होती. मी म्हटलं, मला फक्त टॉर्चचे सेल हवेत, त्याने कुणाला झटका बसत नाही. त्यांनी जुना टॉर्चच माझ्या हवाली केला. मोडक्या रेडिओतल्या गुंडाळीची बारीक तार सोडवून मी ती मधल्या खोलीतून दारापर्यंत नेली, तिथून परत आणली. कळ म्हणून डब्याच्या पत्र्याची पट्टी. आईला एक गोष्ट पटत नव्हती. निरोप द्यायला एक तार पुरे, दुसरी कशाला? मी म्हटलं, एकच तार असली तर वीज निघतच नाही. आई म्हणाली, निघण्याआधीच परतीचं बघते म्हणजे शहाणीच म्हणायची.

पहिल्या दिवशी बल्ब लागला तो जेमतेम. त्याच्या आतल्या तारेला लालसर डाग पडल्यासारखा दिसला, एवढंच. मी आधी सेलना दोष दिला, पण बल्ब थेट सेलला लावला तर लख्ख. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. त्यांनी मला उलट विचारलं, तार किती लांब आणि किती जाड? लांब आणि बारीक तारेचा अडथळा जास्त, सेलचं बरंचसं बळ वाटेतच खर्च होतं. वडील संध्याकाळी चिकपेठेच्या बाजारातून जाड वायर घेऊन आले. दुकानदाराने घंटेसाठी का म्हणून विचारलं तेव्हा, नाही, डोळ्यांसाठी, असं सांगून आलो म्हणाले.

जाड वायरीवर दिवा छान लागला. मी बाहेरून कळ दाबली, धावत आत आले, तर अक्का भिंतीकडे बघत हात जोडून उभी. मी तिला दारापर्यंत नेलं आणि तिलाच कळ दाबायला लावली. मग तिला वाटलं, आपण इथे दाबलं तर तिकडे लागलं हे बघायचं कसं? शेवटी आई बाहेर आणि आम्ही दोघी आत, असं करून तिची खात्री पटवली.

आठवडाभरात अक्काची तक्रार आली. दिवा लागतो, पण दारात कुणी नसतं. दुपारभर येरझारा घालून तिचे पाय दुखले होते. तिला वाटलं, गल्लीतली पोरं. मी कळ उघडून पाहिली, ठीक होती. तेवढ्यात तिला स्वयंपाकाला सांडशी लागली. चुलीजवळच्या ज्या खिळ्यावरून दोन्ही वायरी गेल्या होत्या, त्याच खिळ्यावर ती सांडशी टांगायची. घासून घासून वायरींवरचं कापड निघालं होतं. तिने सांडशी काढली आणि दिवा विझला. परत टांगली, लागला. तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"पुट्टी, हीसुद्धा तुझी कळच की."

मी तिला इतकं नेमकं कधीच समजावू शकले नसते. सांडशीने दोन वायरी जोडल्या की विजेला दारापर्यंत जायची गरजच उरत नव्हती, इथूनच परत. वायरींवर पट्टी गुंडाळायचं तिने मला त्या संध्याकाळी करू दिलं नाही. उघड्या जागी एकेक वस्तू टेकवून बघायला लागली. पितळी पळी, लागला. चांदीची वाटी, लागला. लाकडी डाव, नाही. काचेची बांगडी, नाही. ओलं फडकं, नाही. दोन्हीकडून तासलेली वडिलांची पेन्सिल टेकवली तर मिणमिणता लागला, त्याचं तिला फार नवल वाटलं. स्वयंपाकाला उशीर झाला आणि आईने एका शब्दानेही हटकलं नाही. आईही चिंचेचा गोळा हातात घेऊन रांगेत उभी होती.

मग अक्काने मधल्या खोलीतही एक दिवा मागितला, तांदूळ निवडताना ती तिथे बसायची. मी घाईत दुसरा बल्ब त्याच वाटेवर पहिल्याच्या पुढे जोडला. दोन्ही निखाऱ्यासारखे मंद. वर एक सैल झाला की दुसराही जायचा. तिने विचारलं, एकाने दुसऱ्याचं खाल्लं का? मी प्रत्येकाला सेलपासून वेगळी वाट करून दिली. दोन्ही पूर्ण तेजाने लागले. सेल लवकर संपतील असं मी बजावलं. ती म्हणाली, "संपू देत."

त्यानंतरच्या लालबागच्या फुलांच्या प्रदर्शनाला अक्कानेच आईला तयार केलं. हिरवी साडी काढून पलंगावर ठेवली आणि म्हणाली, वहिनी, दिवा आहे, मी आहे. आई निघाली खरी, पण गुलाबांपाशी असतानाही तिचं लक्ष घरीच. पोस्टमन आला असेल, दूधवाली आली असेल, असं चाललेलं. वडिलांनी तिला तळ्याकाठी बसवून शेंगा घेऊन दिल्या. मग ती निवांत झाली आणि उन्हं उतरेपर्यंत उठायचं नाव घेईना.

परत आलो तेव्हा वडिलांनी कळ दाबली. बराच वेळ काहीच नाही. आईने त्यांचा दंड धरला. मग कडी सरकली आणि दारात अक्का, हाताला कणीक लागलेली.

"वन्सं, केवढे घाबरलो आम्ही," आई म्हणाली.

अक्का तिच्या ओठांकडे बघत होती. "कळलं होतं मला, या वेळेला तुम्हीच असणार," ती म्हणाली. "पोळी तव्यावर होती. म्हटलं, घरचीच माणसं, स्वल्प थांबतील."

आणि ती पुन्हा आत गेली. दुपारी कोण कोण येऊन गेलं ते जेवताना तिने आम्हाला सविस्तर सांगितलं. दूधवाली, पोस्टमन, आणि शेजारची सून, जी तिच्याशी एरवी फार बोलत नसे. ती तासभर बसून गेली म्हणे. कशाबद्दल बोलणं झालं ते मात्र अक्काने सांगितलं नाही. ते आमच्या दोघींतलं आहे म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा आला होता.