आडवी डहाळी

वाटेत काही पडलेलं दिसलं की ते उचलून बाजूला ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोहाऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात सहा माणसं. तिथे चप्पलसुद्धा जागच्या जागी लागायची, नाहीतर आई आरडाओरडा करायची. तिचं ते सगळं माझ्यात उतरलं, रागासकट. नवरा म्हणतो, हिला जंगलात सोडलं तर ही आधी तिथला पालापाचोळा झाडून काढेल. हसण्यावारी म्हणतो बिचारा. मी खरोखरच तसं केलेलं आहे आणि त्यात एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, हे त्याला मी लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

घाटंजी तालुक्यात डोंगराच्या माथ्यावर एका पोडावर माझी शाळा होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. एसटी पायथ्याच्या गावापर्यंत यायची, तिथून पुढे दीड तास चढण. माथ्यावर पोहोचलं की सपाट पठार, लाल मुरूम, मोहाची आणि तेंदूची झाडं, आणि मोबाइलला रेंज फक्त कड्यावरच्या एका दगडावर उभं राहिलं तर. पोरांची हजेरी पाठवायला मी रोज त्या दगडावर चढायचे. पोडातल्या बाया लांबून बघायच्या आणि हसायच्या.

रोज चढउतार करायचं सोडून मी पोडावरच राहायचं ठरवलं. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या मावशींनी त्यांच्या घरालगतची खोली मला दिली. या मावशी पन्नाशीच्या, बोलायला कमी आणि चालायला वाऱ्यासारख्या. माझ्याआधी इथे तीन शिक्षक येऊन गेले होते. कोणी पावसाळ्यात उतरला तो परत आला नाही, कोणी बदली करून घेतली. त्यामुळे शनिवारी मी घरी निघाले की मावशी ओट्यावरून एकच वाक्य म्हणायच्या, "सोमवारी येजो बरं, बाई." पहिल्यांदा मला राग आला. नोकरी माझी आहे, येणार नाही तर कुठे जाणार? पुढे पुढे ते वाक्य ऐकल्याशिवाय उतरायला बरं वाटेना.

मावशींचे सासरे, ज्यांना सगळं पोड आबाजी म्हणायचं, दिवसभर अंगणात बांबूच्या कमच्या, म्हणजे टोपलीसाठी पातळ पट्ट्या, काढत बसायचे. वय त्यांनाही माहीत नव्हतं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधूक दिसायचं, कानानेही कमी ऐकू यायचं. पण हात असा चालायचा की टोपली विणताना ते माझ्याकडे बघून बोलत असायचे. मी त्यांच्या अंगणातल्या कमच्यांचा पसारा गोळा करून लांबीप्रमाणे लावून ठेवायचे. ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मी शाळेत गेले की परत पसरून घ्यायचे. मला ते मावशींनी नंतर सांगितलं.

एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली. फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून तांबडं फुटलं की सगळं पोड टोपल्या घेऊन निघतं. ज्याची झाडं त्याची, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. मावशींच्या घरची झाडं दोन ठिकाणी होती. काही नाल्यात, काही कड्याच्या अंगाला. नेहमी घरचे सगळे नाल्यातल्या झाडांकडे जायचे, कारण तिथे सावली आणि वाळूत हात घातला की पाण्याचा झिरा.

त्या रविवारी मी घरी गेले नव्हते. मोह वेचायला येते म्हणून मावशींच्या मागे लागले होते. पण मला सकाळी चहा लागतो. माझा चहा होईपर्यंत मावशी आणि शेजारच्या बाया पुढे निघून गेल्या. आबाजी अंगणात कोवळ्या उन्हाला बसले होते, ते सगळ्यांच्या मागून रमतगमत यायचे. मी त्यांना सांगून एकटीच निघाले.

पठारावर अर्ध्या तासाने वाट फुटते. डावी खाली नाल्यात उतरते, उजवी कड्याकडे जाते. उजवीकडून बायांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणजे आज त्या तिकडे गेल्या होत्या. डाव्या वाटेच्या तोंडावर मात्र करंजाची एक मोठी डहाळी आडवी पडलेली. ताजी तोडलेली, कोवळ्या पानांनी भरलेली. माझं डोकं फिरलं. झाडाची जिवंत फांदी तोडायची आणि वर रस्त्यात फेकायची. शाळेत मी परिसर अभ्यासात घसा कोरडा करते तो कशासाठी? सोमवारी परिपाठात काय बोलायचं ते मी तिथेच ठरवून टाकलं. मग ती डहाळी उचलली, वाटेच्या कडेला नेली, बुंधा एका बाजूला आणि पाला एका बाजूला अशी सरळ ठेवली. हात झटकले आणि उजव्या वाटेने गेले.

कड्याजवळच्या झाडांखाली फिकट पिवळी फुलं पडली होती. मी वाकून वेचायला लागले आणि दहा मिनिटांत कंबर धरली. बाया हसल्या. बोलता बोलता मावशींनी सांगितलं की वाटेत गुराखी भेटला होता. नाल्यातल्या मोहाखाली अस्वलाची ताजी विष्ठा पडली आहे, आज तिकडे जाऊ नका, असं तो म्हणाला. मोहासाठी अस्वल वेडं होतं, ते मीही ऐकलं होतं. मी भीतीने आजूबाजूला बघितलं, पुन्हा वाकले, आणि माझ्या डोक्यात अजूनही काहीच आलं नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

ऊन चटका द्यायला लागलं तरी आबाजी आले नव्हते. मावशींनी मला विचारलं, ते तुझ्या मागंच होते ना? मी हो म्हणाले. त्या टोपली खाली ठेवून वाटेकडे बघत राहिल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "मी तं नाल्याच्या वाटेवर डहाळी टाकून आली. डहाळी पाहून तिकडं कायले जातील?"

तेव्हा कुठे मला उमगलं. पुढे गेलेला माणूस नको असलेल्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकतो, मागून येणाऱ्याला कळतं की इकडे यायचं नाही. ऐकू न येणाऱ्या, धड न दिसणाऱ्या म्हाताऱ्यालाही लाल मुरुमावरचा हिरवा पट्टा दिसतो. डहाळी नसेल तर तो नेहमीच्या वाटेने जाणार, आणि नेहमीची वाट म्हणजे नाला.

मी उठून उभी राहिले आणि वाट फुटते तिकडे बघायला लागले. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं, हे मला कळलं. त्या पळायला लागल्या, आणि मी त्यांच्या मागे. वाट फुटते तिथे ती डहाळी मी ठेवली होती तशीच कडेला होती. मावशी तिच्यावरून नजरही न फिरवता नाल्यात उतरल्या. मला दगड दिसत नव्हते, काटे दिसत नव्हते. एवढंच डोक्यात होतं की त्या म्हाताऱ्याला काही झालं असेल तर मावशींच्या घरात मी कोणत्या तोंडाने राहू?

आबाजी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला मांडी घालून बसले होते. पुढे वाळूत हाताने उकरलेला झिरा, त्यात ओंजळभर पाणी साठलेलं. पळसाच्या पानाचा द्रोण त्यांनी करून ठेवला होता. पलीकडच्या मोहाखाली वाळूत अस्वलाचे पंजे उमटले होते, माणसाच्या पावलासारखे, पुढे नखांच्या खुणा. अस्वल आल्यावर आबाजी हललेच नव्हते. त्याने त्याच्या वाट्याचं खाल्लं, माझ्याकडे तोंड करून फुसफुसलं आणि गेलं, असं ते सांगत होते. बोलताना द्रोणाची निघालेली काडी ते परत टोचत होते आणि ती दर वेळी चुकत होती. बांबूवर कधी न चुकणारा तो हात बघून मला रडू आलं.

त्यांनी द्रोणात पाणी भरून आधी मला दिलं. मग सुनेवर तुटून पडले. डहाळी काहून टाकली नाही, पोडातली बाई असून एवढं कळत नाही, आज मी मेलो असतो. तोवर मागून चारपाच जणं आली होती, त्या सगळ्यांसमोर. मावशींनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चुकलं, मामाजी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पोडात बाईंचा मान असतो, तो सगळ्यांसमोर जाईल ही भीती त्या क्षणी माझ्या लाजेपेक्षा मोठी निघाली. परत येताना मावशींनी माझी अर्धी भरलेली टोपलीसुद्धा स्वतःच्या डोक्यावर घेतली. संध्याकाळी नेहमीसारखी ताटात भाकर वाढली. ती मी तशीच झाकून ठेवली.

सकाळी शाळेची घंटा द्यायच्या आधी मी आबाजींच्या अंगणात गेले. ते कमच्या काढत होते. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगावं लागणार होतं, म्हणजे सगळ्या शेजाराला ऐकू जाणार होतं, आणि मला तेच हवं होतं. मी म्हणाले, आबाजी, मावशींनी डहाळी टाकली होती. मी उचलली. मला ती खूण माहीत नव्हती.

त्यांनी कोयता खाली ठेवला नाही. कमची सोलत सोलत म्हणाले, "मले मालूम हाय. परत येताना पायाले लागली डहाळी. वाऱ्यानं सरकली असती तं कशीही पडली असती. ही अशी सरळ ठेवलेली होती. एवढं नीट आमच्या पोडात कोणी ठेवत नाई, बाई."

मावशी चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, मग काल परत आल्यावर मला का नाही बोललात?

"तिले बोललो तं ती माही सून हाय, सांजच्याले भाकर देईनच. तुले बोललो असतो, अन् तू शनिवारी उतरली असती, तं सोमवारी आली असती का?"

मी शाळेत गेले. परिपाठात बोलायचं ठरवलेलं भाषण केलं नाही. पोरांनाच विचारलं की डहाळीची खूण मला शिकवा. तासभर वीस जण एकदम बोलत होते. त्या दिवसापासून पठारावर मी मागे असले की प्रत्येक फाट्यावर माझ्यासाठी डहाळी पडलेली असायची, आणि मी पुढे असले की माझी टाकलेली. माझी पोरांना लांबून ओळखू यायची. कारण सांगायला नको.

त्या पोडावर मी सहा वर्षं राहिले. मग बदलीचा आदेश आला, माझ्या मर्जीने आलेला, कारण लग्न झालं होतं आणि घर यवतमाळला होतं. निघायच्या दिवशी पोरांनी तेंदूची फळं दिली, बायांनी मोहाचे लाडू दिले. मावशी ओट्यावर होत्या. या वेळी त्या सोमवारचं काही बोलल्या नाहीत. आबाजी अंगणात नव्हते. त्यांची बसायची जागा रिकामी होती, मी लावल्यासारख्या कमच्या एका बाजूला रचलेल्या. मी मनातून थोडी रुसलेच. सहा वर्षांत एवढं तरी माझं व्हायला हवं होतं की शेवटच्या दिवशी म्हातारा समोर असेल.

पोडाच्या बाहेर, खाली एसटीकडे उतरणारी वाट जिथे सुरू होते, तिथे मी थांबले. वाटेवर करंजाची डहाळी आडवी पडली होती. ताजी, कोवळ्या पानांची. आणि ती पडली नव्हती. बुंधा एका बाजूला, पाला एका बाजूला, अगदी सरळ ठेवलेली होती.

मी ती उचलली नाही. तिच्यावरून पाय टाकून खाली उतरले.