मॉनिटरवरचा बावटा

आमच्या कंप्युटरच्या मॉनिटरला एक वेताची काठी बांधलेली आहे आणि काठीला लाल फडकं. नवीन माणूस घरात आला की पहिल्यांदा तिकडेच बघतो. "काय गो, नवसाचं हाय काय?" असं एका मावशीने विचारलं होतं. कुरियरवाल्याला वाटलं, धूळ पुसायचं फडकं मी तिथंच विसरले. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता कॉलर ताठ करून सांगते, हा बावटा आहे आणि तो माझ्या बाबाने बांधलाय.

मी पाचूबंदरची. माणिकपूरला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की आमच्या कोळीवाड्यात कागदांचा मोसम सुरू होतो. बोटीचा परवाना, खलाशांची ओळखपत्रं, विमा, सगळं आता कंप्युटरवर भरावं लागतं. सरकारने म्हटलं, घरबसल्या भरा. घरबसल्या भरायला घरात कोणाला येतं? मग सगळे माझ्याकडे. गेल्या मोसमात अठ्ठावीस घरांचे कागद माझ्या कंप्युटरवर होते. सख्ख्या भावाला हात लावू देत नाहीत असल्या कागदांची पिशवी बायका माझ्या मांडीवर ठेवून जायच्या. हा विश्वास मी पाच वर्षं एकेक घर करून कमावला होता आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

माझा बाबा तांडेल. म्हणजे बोटीचा म्होरक्या. तो बोलला की खलाशी श्वाससुद्धा विचारून घ्यायचे. गुडघे गेले म्हणून बोटीवरून उतरला, पण सकाळी उठून वारा बघायची खोड काही गेली नाही. मी त्याला कंप्युटरवर वाऱ्याचा नकाशा दाखवला तर दोन आठवड्यांत स्वतःचा स्वतः उघडायला शिकला. एका बोटाने, पण शिकला.

त्याची एक गोष्ट आमच्याकडे पोरंटोरंही सांगतात. मी शाळेत होते तेव्हाची. वायरलेसवर कुणीतरी "पाणी भरतंय, पाणी भरतंय" म्हणून ओरडत होतं. कोण, कुठल्या बंदराचा, काही पत्ता नाही. बाबाने भरलेलं जाळं तसंच सोडलं, बोट फिरवली आणि पाच माणसं पाण्यातून काढली. त्यातला एक जण अजून दर नाताळला आमच्याकडे येतो आणि बाबाच्या पायाशी बसतो.

आता त्या शनिवारचं सांगते. ऑफिस अर्धा दिवस होतं. माझी आय मासळी विकते, पण मासेमारी बंदीच्या महिन्यांत सुकट आणि सुके बोंबील घेऊन माणिकपूरच्या बाजारात बसते. दोघी एकाच रिक्षाने घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच भोंगा ऐकू आला.

"कोनाची गाडी बोंबलते?" आय म्हणाली.

गाडी कसली? आमचंच घर बोंबलत होतं!

आत जाऊन बघते तर कंप्युटरच्या पडदाभर लाल चौकट, मोठ्या अक्षरात धोक्याची सूचना, खाली फोन नंबर, आणि कुणी बाई इंग्रजीत तेच तेच घोकत होती. बाबा खुर्चीच्या कडेवर बसला होता. फोन स्पीकरवर लावून पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. फोनमधला माणूस म्हणत होता, "अंकल, जल्दी कीजिए, पूरा डेटा जा रहा है." आणि बाबा एका बोटाने तो सांगेल ते अक्षर दाबत होता.

हे सोंग आमच्या वकीलसाहेबांच्या कंप्युटरवर दोनदा आलं होतं. पान बंद केलं की संपतं, व्हायरस नाही न् काही नाही. पण बाबाने त्या नंबरवर फोन केला होता, आणि आता तो माणूस असलं काहीतरी उतरवून घ्यायला सांगत होता, ज्याने आमचा अख्खा कंप्युटर त्याच्या हातात गेला असता. अठ्ठावीस घरांची आधार कार्डं, पासबुकं, परवाने, सगळं.

"बाबा, बंद कर!" मी बटणाकडे धावले.

"हात नको लावू!"

ती हाक घरातली नव्हती, बोटीवरची होती. चौतीस वर्षांची घोडी मी, माझा हात होता तिथंच थांबला. बाबाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तो बोलतो, बंद केला त समदं जाईल. लोकांचे कागद हायत आत. तुजी इज्जत हाय, पोरी."

आयने टोपली खाली ठेवली. पडद्याकडे ढुंकूनही न बघता तिने फोन उचलला.

"कौन रे तू?"

"मॅडम, हम कंपनी से बोल रहे हैं. आपका कंप्युटर—"

"अब्बी टाइम नहीं हमको. कल करेंगे."

"नहीं मॅडम, पाच मिनट में सब डिलीट हो जाएगा!"

"तो परसो करेंगे."

आता तो माणूस आवाज चढवून बोलायला लागला. पोलीस येतील म्हणाला, कंप्युटर जळेल म्हणाला. आय गालात हसली. ते हसू मी लहानपणापासून बघत आले आहे. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कळलं की ती तशी हसते. ती बाबाला म्हणाली, "'आत्ताच घे' बोलतो त्याची मासली कालची असते. येवढी वर्सं माज्यासंगती काडली, आनि हे नाय शिकलास?" मग तिने फोनमध्ये त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. फोन ठेवला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. भोंगा थांबला. इतकं शांत झालं की मागच्या दाराची कोंबडी ऐकू यायला लागली.

माझ्या रागाचा पारा आधीच चढलेला. मी बाबाला नको नको ते बोलले. "अक्कल काय गहाण ठेवली होतीस? कोण कुठला माणूस, त्याला विचारायचं तरी होतंस, तू कोण म्हणून!"

बाबा हळू आवाजात म्हणाला, "दर्यावर कोनी हाक मारली त 'तू कोन' इचारत नाय. पयली बोट फिरवतात."

ज्या गोष्टीचा आम्ही आयुष्यभर अभिमान सांगितला, तीच तर त्याने केली होती. भोंगा वाजला, धावला. माझी मलाच लाज वाटली.

"दर्या येगला, बाजार येगला," आय म्हणाली. "हा कंप्युटर बाजार हाय. हिकडं माजं ऐक."

मग मी नेटची वायर काढली, कंप्युटर परत चालू केला, सगळं तपासलं. ते पान म्हणजे नुसतं चित्र होतं, त्याला भोंगा लावलेला. बाबाचं एक बोट अजून अर्ध्या रस्त्यातच होतं, त्यामुळे आत काहीच उतरलं नव्हतं. कंप्युटरची स्वतःची तपासणीही पूर्ण करून घेतली, सगळे पासवर्ड बदलले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं जिथल्या तिथे.

"आता बाहेर कुठं बोलायचं नाही हां," मी दोघांना बजावलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची." लोकांना कळलं असतं तर एकेक जण येऊन आपले कागद उचलून घेऊन गेला असता, आणि माझी पाच वर्षं पाण्यात.

बाबा ताटातला भात अर्धा ठेवून उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. मला वाटलं, पाणी बघायला गेला असेल. पण आय म्हणाली, "जा त्याच्या मागशी. तो सांगाला गेला."

आणि मला एकदम उमगलं. पाण्याखालच्या खडकावर जाळं फाटलं की काही तांडेल तोंड शिवून बसतात. माझं फाटलं, दुसऱ्याचंही फाटू दे! बाबा तसला नव्हता. तो त्या जागी तरंगता बोया सोडून त्याच्या काठीला बावटा लावायचा आणि बंदराला लागल्या लागल्या सगळ्यांना जागा सांगायचा, अगदी भांडण असलेल्या बोटीलाही.

किनाऱ्यावरच्या क्रुसाजवळच्या शेडमध्ये दहा-बारा जण जाळी शिवत बसले होते. मी धापा टाकत पोचले तोवर बाबाने सुरुवात केली होती. उभा राहून सांगत होता. भोंगा कसा वाजला, फोन कसा लावला, बायकोने कसं वाचवलं. "मी फसलो," तो म्हणाला. "कागद तुमचे होते. माज्या बोटानं गेले असते." भर बाजारात ज्याच्याशी कोणी आवाज चढवून बोललं नाही, तो माझा बाप स्वतःची फजिती अक्षर न् अक्षर सांगत होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

एक तरणा तांडेल फिसकन हसला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. "माज्याकडं बी आलता तो भोंगा," तो म्हणाला. "मी बी फोन केलता. घरात बोललो नाय."

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "पोरी, आमचे कागद?"

बापाने एवढं सांगितल्यावर मी काय लपवणार? काय झालं, काय तपासलं, सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर गल्लीच्या टोकाची एक बाई आली. "राग नको मानू, बाय," म्हणाली आणि तिने आपल्या घराचे कागद परत मागितले. तिच्यासमोर मी तिचा फोल्डर पुसला. ती गेल्यावर मात्र माझा तोल सुटला. "बघ, बोलून काय मिळवलंस?" मी बाबाला विचारलं.

"तिचे कागद. तिनं नेले," बाबा म्हणाला.

त्याच दुपारी त्याने जुन्या जाळ्याच्या बावट्याची काठी आणली आणि मॉनिटरला बांधली. मी दोन दिवस भांडले. घर आहे की बंदर, म्हणाले. त्याचं एकच, "खडक हाय तिथं बावटा." तेव्हापासून जो कागद घेऊन येईल त्याला बाबा समोर बसवतो आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतो. स्वतःच्या मूर्खपणातला एक शब्द गाळत नाही. शेवटी आय स्वयंपाकघरातून ओरडते, "आनि 'आत्ताच कर' बोलला त समजायचं, मासली कालची!" बाकीची सत्तावीस घरं ही गोष्ट ऐकून गेली. कुणीही कागद नेले नाहीत.

मासेमारीचा मोसम सुरू व्हायला आठवडा राहिला होता. बोटींना रंग चालला होता. गल्लीच्या टोकाची ती बाई परत आली. हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी. मला वाटलं, अजून काही राहिलं असेल न्यायचं, म्हणून मी तोंड वाकडं करूनच उठले.

ती माझ्याकडे आलीच नाही. बाबासमोर जाऊन उभी राहिली.

"काल आमच्याकडं वाजला," ती म्हणाली. "ह्यांनी फोन हातात घेतलेला. मी वायरच उपटली. तांडेल, तुमचा बावटा दिसला म्हनून बोट फिरवली."

बाबाने विचारलं, "फोन नाय ना लावला?"

"नाय."

"बेस केलंस."

तिने पिशवी बावट्याखाली ठेवली. बाबा मला म्हणाला, "पोरी, हिचे कागद भरून टाक. मोसम आला."

मी तिच्या घराचा नवा फोल्डर उघडला, पण नाव टाइप करायला अक्षरं दिसेनात. डोळे भरून आले होते. असा बाप आणि अशी आय कुणाच्या नशिबात असते!

"रडतेस काय?" आय मागून म्हणाली. "नाव बराबर लिव तिचं."