खात्री झाल्याशिवाय पेज नाही

मालतीताईंना मी प्रथम पाहिलं ते उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात. त्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका, मी बुवापाड्याहून आलेली, नव्यानेच रुजू झालेली नर्स. नाव विचारण्याआधी त्यांनी बजावलं, "नाकातल्या नळीत हवा मारायची, पोटावर गुडगुड ऐकायची आणि फीड सुरू, हे इथे चालणार नाही. नळी फुप्फुसात गेली तरी गुडगुड ऐकू येते." नवी नळी घातली की एक्स-रे काढायचा. नंतर प्रत्येक फीडआधी, म्हणजे नळीवाटे पातळ अन्न देण्याआधी, नळीवरची खूण सरकली नाही ना बघायचं, पोटातलं पाणी ओढून कागदावर आम्लता तपासायची. तोवर रुग्णाच्या पोटात थेंब जाणार नाही.

ताई हट्टी आहेत, अशी कुजबुज आजही चालते. आहेतच! ज्यांना खुपतं त्यांना खुपू दे.

चामटोलीचे एक आजोबा लकव्याने दाखल झाले. त्यांना गिळता येत नव्हतं. नळी घातली, पण एक्स-रेला वेळ लागत होता. मुलगा घरून गाळलेली पेज घेऊन आलेला. "सिस्टर, बापूस सकालधरनं उपाशी हाय. घाला ना पेज!" ताईंनी साफ नकार दिला. शेवटी एक्स-रे आला आणि नळी पोटातच निघाली. मुलगा भडकला, व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून झापलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर निघाली, आनंद आहे. पुढच्या वेळीही तपासणार."

दोनच दिवसांत आजोबांनी झोपेत नळी उपसली. दुसरी घातली, ती सरळ गेली, आजोबा खोकलेसुद्धा नाहीत. आता व्यवस्थापक स्वतः येऊन म्हणाले, "तमाशा नको, फीड सुरू करा." ताईंनी फीडची मोठी सिरिंज उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. "मला काढून टाका, मग द्या."

एक्स-रे आला. नळी उजव्या फुप्फुसात होती.

मुलानेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे ताईंच्याच लक्षात आलं. आपला डबा त्याच्यापुढे उघडून त्या नळी बदलायच्या तयारीला लागल्या.

ताई आता साठीच्या झाल्या. 'आता आराम करा' म्हणणारे पुढे सरसावतील. ताई, त्यांचं मुळीच ऐकू नका. तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. माणसं तुमच्यावर अशीच चिडोत, भांडोत, तक्रारी करोत, आणि आपापल्या बापाला जिवंत घरी घेऊन जावोत.