बडे बाबूंची भीती

बडे बाबू भित्रे होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शहरातल्या टावर चौकात रस्ता ओलांडायचा तर सोबतीला कुणी मिळेपर्यंत ते थांबून राहत. इंदूरच्या मुख्य ऑफिसातून फोन आला की खुर्चीवरून उठत आणि ‘जी साहब’ म्हणता म्हणता शर्टाचं वरचं बटण लावत. भैरवगढजवळच्या आमच्या चादरी छापायच्या कारखान्यात कामगारांची भरती, हजेरी, रजा ते कित्येक वर्षं सांभाळत होते. मी एचआरचा कोर्स करून त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा मला ते थोडे हास्यास्पदच वाटले.

कुणाला कामावरून काढायचं असलं की त्या दिवशी ते डबा उघडत नसत. त्या माणसाला आत बोलावत, बसवत, पाणी देत आणि मगच सांगत. पत्र पाठवून दिलं तर चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “बेटा, त्याला शिव्या द्यायच्या असतील तर समोर कुणी नको का?” लोक खरंच शिव्या देत, आणि बाबू मान खाली घालून ऐकून घेत.

मग हजेरीचं यंत्र आलं. फाटकावर बोट टेकवायचं, बाकी सगळं कॉम्प्युटर बघणार. रजिस्टर बंद करायचा हुकूम निघाला. रजेचे अर्ज, ताकीद, नोटिसा, सगळं यंत्रच तयार करायचं. मी फक्त यादीखाली ‘मंजूर’ दाबायचं. कंपनीच्या बाकीच्या दोन कारखान्यांचं हे काम आता एकच मुलगी करते, असं इंदूरच्या साहेबांनी मला सहज सांगितलं. ते सहज नव्हतं, हे मला कळलं. त्या दिवसापासून यादी आली की मी घाईघाईनं बटण दाबायची. आपण मागे पडलो तर आपलंच नाव कुठल्यातरी यादीत येईल, हे डोक्यातून जात नव्हतं.

एका सकाळी अकराच्या सुमाराला रंगखात्यातली कमलाबाई वर आली. कोपरापर्यंत हात निळे, हातात फोन. तिला वाचता येत नव्हतं. “बाबूजी, जरा देखो, क्या आया है,” म्हणाली. सणाच्या सुट्टीचं काही असेल, असं तिला वाटत होतं. बाबूंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. सलग दहा दिवस गैरहजर राहिल्यामुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. खाली मंजुरी माझी होती.

रंगाच्या आणि सोड्याच्या पाण्यानं त्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्राला ठसा उमटत नव्हता. लाल दिवा लागायचा, आणि चौकीदार ‘ठीक हो जाएगा’ म्हणून त्यांना आत सोडायचा. अशा अठरा जणी होत्या. त्या हौदावर उभ्या राहून काम करत होत्या, आणि त्या आलेल्याच नाहीत म्हणून मी त्यांना काढून टाकलं होतं.

बाबूंनी कमलाबाईला बसवलं. मग मला हळूच विचारलं, “हे सांगताना माझे पाय कापतात. बटण दाबताना तुझे कापले?”

मी नाही म्हटलं. नावंसुद्धा वाचली नव्हती. तेव्हा मला माझीच भीती वाटली, आणि तशी भीती मला त्याआधी कधीच वाटली नव्हती.

त्यानंतर बाबूंनी स्वतःहून इंदूरला फोन लावला. असं कधी झालं नव्हतं. पलीकडचे साहेब म्हणाले असावेत की सिस्टिम चुकत नाही, कारण बाबू म्हणाले, “साहब, वो मेरे सामने बैठी है।” मग, यंत्र बंद पडलं तर काय, या धास्तीनं आपण रजिस्टर चोरून लिहीत राहिलो आणि त्यात या अठरा जणींची रोजची हजेरी आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. हुकूम मोडल्याची ती कबुलीच होती.

दोन दिवसांनी पत्रं मागे घेतली गेली. सतरा जणी परत आल्या. एक मात्र घाबरून मुलांना घेऊन माहेरी निघून गेली होती. तिचा फोन पुढे कधी लागलाच नाही. बायकांना ठशाऐवजी कार्डं मिळाली. चार महिन्यांनी बाबूंचं पद आता गरजेचं राहिलं नाही, असं पत्र आलं. तेही फोनवरच.

बाबू मुलीकडे ग्वाल्हेरला जायला निघाले, तेव्हा देवास गेटच्या बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. रजिस्टरचं बोलला नसता तर नोकरी राहिली असती, असं मी म्हटलं. “मी काही शूर नाही बेटा,” ते म्हणाले. “फोन करताना एका हातानं टेबल धरलं होतं मी. तू घाबरत जा, चालेल. पण यादी वाचत जा.” बस हलली तेव्हा ते खिडकीचा गज घट्ट धरून बसले होते.

आता कॉम्प्युटर माझंही काम मोजतो. मंजुरीला वेळ लावते म्हणून माझ्या नावापुढे पिवळी खूण आली आहे. ती लाल झाली की काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. काल नवी यादी आली. बारा नावं. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि एकेकीला बघायला खाली रंगखात्यात गेले.