अनातोलची रेघ

युगेतच्या पायाला भिंगरीच होती. छत्तीस वर्षं तिनं माँतेयाक गावाचं टपाल वाटलं, खाली नदीकाठच्या चांभारआळीपासून वर किल्ल्यापर्यंत, एकशेबारा पायऱ्या. निवृत्त झाली तरी बाई बसेल तर शपथ! मीठ आणायला म्हणून वर जायची, अन् मीठच विसरून यायची.

त्या आठवड्यात तर तिनं कहर केला. लेक मिरेई लिमोजहून कायमची परत आली होती. तिला तळमजल्यावर केस कापायचं दुकान काढायचं होतं. आणि सोमवारी नगरपालिकेचा माणूस यायचा होता. नियम असा, की १९१०चा पूर खिडकीच्या कट्ट्यावर वीतभरच चढला असेल तर दुकान चालेल. जास्त असेल तर नाही.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर पुराची रेघ होती कट्ट्याच्या वर दोन वीत. युगेतच्या आजोबांनी, अनातोल गवंड्यानं, स्वतः छिन्नीनं कोरलेली.

पुलापलीकडचे सत्तर वर्षं म्हणत आलेले, की आमच्या काठावरच्या पुराच्या रेघेवर मात करायला अनातोलनं आपली रेघ वीतभर चढवली. त्यावरून युगेत किती भांडली होती! पलीकडच्या गास्तों खाटकाची पत्रं मुद्दाम सगळ्यात शेवटी टाकायची.

आता तीच त्याच्या दुकानात शिरली. "काय रे, माझे आजोबा खोटारडे होते ना? नक्की?"

गास्तों सुरी पुसता पुसता थांबला. "अगं बाई! चाळीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि आता मीच साक्षीला?"

"थट्टा पुरे. पुरावा आहे?"

"तुझ्याच घरात. आजीचं ते ओकचं कपाट पुरातही तिथंच उभं होतं ना? सरकवून बघ."

रविवारी मायलेकींनी कपाट ओढलं.

"आई, दम घे जरा!"

"दम सोमवारनंतर."

कपाटाच्या भिंतीशी टेकलेल्या फळीवर गाळाचा काळा पट्टा होता. युगेतनं कट्ट्याच्या पातळीपासून हात लावला. एक वीत. दोन. आणि वर चार बोटं.

"म्हणजे पणजोबा खरं बोलत होते," मिरेई हळूच म्हणाली.

"खरं कसलं? चार बोटं खाल्ली मेल्यानं!"

"अगं, बाहेरून कट्टा किती उंच, आणि त्या जुन्या फोटोत बघ की, पणजोबा केवढेसे होते. स्टुलावर चढूनही हात पोचला नसेल."

युगेतला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. ते दुकान काही तळमजल्यावर व्हायचं नव्हतं.

सोमवारी माणूस टेप घेऊन भिंतीकडे वळला, तशी तिनं त्याची बाही धरली. "ती रेघ नका मोजू. आत या. खरी इथं आहे."

मिरेईचं दुकान निघालं, पण वरच्या मजल्यावर. पहिलं गिऱ्हाईक गास्तों, धापा टाकत आला. आणि युगेत? गिऱ्हाइकांचे टॉवेल घेऊन दिवसभर वर-खाली. गावच्या एकशेबारा पायऱ्या होत्याच, त्यात घरच्या सतरा वाढल्या.